आमची वाटचाल : ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

कुडाळात हायवेलगतच्या गाळ्यात आमचा जनावरांचा दवाखाना सुरू झाला तेव्हा माणसं दोनच, डॉक्टर आणि मदतनीस. पुढे दुसरे डॉक्टर आले, काउंटरवर ताई, पिंजरे धुवायला मावशी, फिरतीची गाडी आणि तिचा चालक. माणसं वाढली तशी एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचेनाशी झाली. कुत्र्याने पहाटे उलटी केल्याचं मावशींनी पाहिलेलं असतं, डॉक्टरांना कळतं दुपारी. पदवी नसलेल्याला आपण बोलावं असं वाटत नाही, आणि पदवीवाला विचारत नाही.

म्हणून सकाळी ९ वाजता १० मिनिटं उभ्यानेच बोलायचं ठरलं. बसलं की चहा येतो आणि अर्धा तास जातो. फळ्यावर दाखल जनावराचं नाव, वजन, खाल्लं का, लघवी झाली का, आज कोणाच्या देखरेखीखाली, एवढंच. सुरुवात मावशी करतात, डॉक्टर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की बाकीचे नुसती मान डोलावतात. शेतकऱ्याचे मालवणी शब्दही काउंटरवर जसेच्या तसे उतरवतात, ‘कालपासना खाऊक नाय’ असे. घाटावरून आलेल्या डॉक्टरला अडलं तर तो ताईला विचारतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

औषधाची मात्रा तोंडी सांगितली की ऐकणारा ती मोठ्याने परत म्हणतो : औषध, ताकद, मिली. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचंच घ्या. घोड्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात गाय आडवी होते, आणि बाटल्या मिलीला २० आणि १०० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींच्या मिळतात. ‘नेहमीएवढं भर’ हे आमच्याकडे चालत नाही. कागदावर ०.५ लिहिताना आधीचं शून्य सक्तीचं. नुसतं टिंब ओल्या हाताने पुसलं गेलं की अर्ध्याचे पाच होतात.

दुग्धज्वरात, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटलं की, व्यायलेली म्हैस मान पोटाकडे वळवून बसते. तिला कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली शिरेतून द्यायची, तीही अंगाइतपत कोमट करून आणि सावकाश. घाई झाली तर हृदय बंद पडू शकतं. गोठ्यात अंधार, मालक घायकुतीला आलेला, ‘सोडा ना पटापट’ म्हणत असतो. अशा वेळी एकाच्या हातात बाटली, दुसऱ्याच्या कानात स्टेथोस्कोप. ठोके अडखळले की ऐकणारा ‘थांबा’ म्हणतो आणि बाटलीवाला कारण न विचारता नळी दाबतो, मग बाटली डॉक्टरांच्या हातात का असेना. वाद झालाच तर परतताना गाडीत.

पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) धास्ती असते. जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. गमबूट, हातमोजे सगळेच देतात. खरी अडचण अशी की पगार कापला जाईल म्हणून माणूस ताप लपवतो. आमच्याकडे तापाची रजा भरपगारी आहे, अट एकच : त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं आणि आपण गुरांत काम करतो हे आपणहून सांगायचं. रेबीजची चावण्याआधीची लस (दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८) मावशींनाही दिलेली असते. पिंजऱ्यात हात त्यांचाच जास्त जातो.

मेलेलं जनावर कोणी उचलायचं, हा आपल्याकडे साधा प्रश्न नाही. न ठरवता सोडलं की ते काम आपसूक एकाच माणसाच्या वाट्याला जातं, का ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि बोलत कोणीच नाही. आता त्याची पाळी फळ्यावर लागते, डॉक्टरांच्या नावांसकट.

सुट्यांची यादी आषाढातच लागते. शिमग्याची पालखी गावागणिक वेगळ्या दिवशी घरी येते, तिथे अदलाबदल सोपी. ईदेला सुटी घेणारे गणपतीत दवाखाना धरतात. पण बाकी सगळ्यांची चतुर्थी एकच, म्हणून दीड दिवसाचा गणपती असलेले विसर्जन करून कामावर येतात आणि पाच-सात दिवसवाल्यांचं काम उचलतात. त्याची भरपाई त्यांना शिमग्याला मिळते. ती किती दिवसांची, यावर दरवर्षी घासाघीस होतेच.