तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बोटीवरची ‘सोय’

आमच्या २२ फुटी शिडाच्या बोटीवर पाय ठेवणारा मराठी पाहुणा तासाभरात मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, “आणि सोय काय आहे?” ज्यांना स्वतःची बोट घ्यायची असते ते याच्या पुढचे विचारतात: मुळात बसवलेले पक्के शौचालय तुम्ही काढून का टाकले, आणि हल्ली ज्याची एवढी स्तुती ऐकू येते ते कोरडे शौचालय का घेतले नाही? गेली काही वर्षे मी धक्क्यावर उभ्या उभ्या याची तुटक उत्तरे देत आले आहे. ती खोटी नव्हती, पण पुरीही नव्हती.

सिॲटलच्या परिसरात बोट चालवणाऱ्यांना नियम सांगायला नको. मे २०१८ पासून प्युजेट साउंड या इथल्या समुद्राच्या खाडीत आणि लेक वॉशिंग्टन, लेक युनियन या सरोवरांमध्येही बोटीवरचे मैलापाणी, प्रक्रिया केलेले असले तरी, सोडता येत नाही. जे साठेल ते किनाऱ्यावर आणून रिकामे करायचे. मला हा नियम कधी जाचक वाटला नाही. ज्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी आपण मुलांना घेऊन कालवे वेचतो, तिथे दुसरे काही सोडण्याचा विचारही करवत नाही. तेव्हा साठवायचे कशात, एवढाच प्रश्न उरतो, अशी माझी समजूत होती.

बोट आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात हातपंपाचे शौचालय आणि पुढच्या बिछान्याखाली साठवण टाकी होती. केबिनमध्ये वास येई. मी टाकी तीनदा धुतली, औषधे घातली, उपयोग झाला नाही. मग एका जुन्या नावाड्याने सांगितले त्याप्रमाणे गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके नळीवरून फिरवले, नळी थंड झाल्यावर ते बाहेर नेऊन हुंगले, आणि उत्तर मिळाले: टाकी निर्दोष होती, वास नळीच्या भिंतीतून झिरपत होता. शिवाय धुण्यासाठी आत घेतलेले समुद्राचे पाणी आठवडाभर नळीत साचून राहिले की त्यातले सूक्ष्म जीव मरतात आणि पहिल्याच पंपाला सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो. नळ्या बदलता आल्या असत्या. पण त्या शौचालयासाठी बोटीच्या तळाला पाण्याच्या पातळीखाली भोक होते, आणि त्याची झडप कोणी उघडी विसरले तर पाणी उलटे भांड्यात चढून बोट भरू शकते. आठ वर्षांच्या मुलाकडून रोज झडप बंद होईल, यावर मी बोट सोपवणार नव्हते. आम्ही ते सगळे काढले आणि भोक कायमचे बुजवले. या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

कोरड्या शौचालयात मूत्र वेगळ्या बाटलीत जाते, मळ नारळाच्या काथ्याच्या भुश्यात मिसळतो आणि एक छोटा पंखा हवा बाहेर टाकतो. ओल आणि मळ एकत्र आले नाहीत तर वास येत नाही, ही त्यातली सारी युक्ती आहे. पण आपण पाण्याने धुणारी माणसे आहोत, आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्याने हे गृहीत धरलेले नसते. धुतलेले पाणी भुश्यात उतरले की युक्ती तिथेच संपते. माझी मुलगी म्हणते, “आई, बोटीवर दोन दिवस कागद वापरला तर काय बिघडलं?” तिचे कदाचित बिघडणार नाही.

म्हणून उचलून नेता येणारे दोन मजली शौचालय घेतले: वर स्वच्छ पाणी, खाली २० लिटरची टाकी, मध्ये सरकती झडप. चौघांत ते साधारण दोन दिवस पुरते. भरले की २० किलोच्या वर जाते आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून धक्क्यावर न्यावे लागते. तळाला भोक नाही, नळी नाही, वास नाही. मी मैत्रिणींना लांबलचक पत्रे लिहून हेच घ्या म्हणून सांगितले होते.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई वाईहून आली होती. तिचे वय ७१. आम्ही तिला घेऊन सिॲटलच्या उत्तरेच्या अनाकोर्टेस बंदरातून सूशिया बेटाकडे निघालो. निघण्यापूर्वी मी तिला शौचालय दाखवले: पुढच्या बिछान्याची गादी उचलायची, झाकण उघडायचे, हा खटका ओढायचा, हा धुण्याचा छोटा फवारा. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान आहे गं, अगदी सुटसुटीत.” तिथून कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीपर्यंत, जेमतेम चार पावले, दार नाही, आणि सुकाणूवर माझा नवरा.

पाच तासांच्या प्रवासात तिने एकदाही ते वापरले नाही. मला वाटले, तिला गरज पडली नसेल. संध्याकाळी बेटाच्या एको बे या खाडीत नांगर टाकल्यावर छोट्या होडीतून तिला किनाऱ्यावरच्या उद्यानातल्या शौचालयात नेले. गुडघ्यामुळे त्या दगडगोट्यांवरून चढताना तिला किती त्रास झाला हे मी पाहिले, आणि पुन्हा नेऊ का, असे दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ती “नको” म्हणाली, तेही मी खरे मानले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी आवरताना तिची स्टीलची बाटली हातात आली. सकाळी मी भरून दिली होती, तितकीच जड होती.

रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. पहाटे ती मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. उजाडताच नांगर उचलून आम्ही दवाखाना असलेल्या फ्रायडे हार्बर या गावाकडे निघालो. प्रवाह विरुद्ध होता, इंजिन पूर्ण वेगात असूनही किनाऱ्यावरची झाडे जागची हलत नव्हती, आणि मी तिचे डोके मांडीवर घेऊन चमच्याने साखरपाणी पाजत होते. दवाखान्यात मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शरीरातले पाणी कमी झाल्याचे निदान झाले, सलाइन लावले. दोन दिवसांत किती पाणी प्यायलात, असे डॉक्टरांनी विचारल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग म्हणाली, “थोडं थोडं पीत होते.” डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली, “जावई तिथे बसलेले. अगं, आवाजसुद्धा जातो.”

मैत्रिणी म्हणतात, तिने सांगायला हवे होते. पण मी लहान असताना एस.टी.ने मुंबईला जायचे असले की आई सकाळपासून चहाचा घोटही घेत नसे, आणि मलाही घेऊ देत नसे. कुठल्या स्टँडवर काय हाल असतात हे तिला पाठ होते. म्हणजे मला हे नव्याने कळायचे नव्हतेच. मी स्वतः बाई असून, तिची मुलगी असून, टाकीचे लिटर मोजत बसले.

ती पत्रे लिहिणारी मी आजही माझ्याशी भांडते. ती विचारते, तळाला भोक ठेवायला हवे होते का? नळ्यांचा वास सहन करायला हवा होता? की ३० फुटी बोट घ्यायची होती, जिचा धक्क्याचा खर्च आपल्याला झेपला नसता आणि जी गाडीला जोडून घरी आणता आली नसती? तिचा एकही मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त तिच्या त्या पत्रांत टाकी आहे, झडप आहे, किंमत आहे. संकोच वाटणारे माणूस कुठेही नाही.

आता पुढच्या भागाला जाड पडदा आहे. दर तीन तासांनी कुठेतरी धक्क्याला लागायचे, आणि कोणी आत गेले की बाकीच्यांनी बाहेर येऊन इंजिन चालू ठेवायचे, हे ठरलेले आहे. टाकीला पंप-आउटची, म्हणजे धक्क्यावरच्या पंपाने मैला ओढून घेण्याची, जोडणी बसवून घेतली, त्यामुळे ती आता उचलावी लागत नाही. पण पडद्याने आवाज अडत नाही. त्यासाठी पडदी आणि दार हवे. गेल्या हिवाळ्यात पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहिला: दार लावायला ७ इंच लागतात, आणि ते धाकट्याच्या झोपायच्या फळीतून जातात. तो आता अकरा वर्षांचा आहे आणि उंच होतो आहे. नवरा म्हणतो, त्याला कॉकपिटमध्ये झोपवू. मला रात्रीच्या दवात ते पटत नाही. जूनमध्ये आई येणार आहे. बोटीवर येशील का, असे फोनवर विचारले तर “बघू गं” म्हणाली. फळी अजून कापलेली नाही.