लाईक केलं म्हणून अटक

पालघरची केस आठवतेय का? नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद, आणि एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी. मैत्रिणीने ते नुसतं लाईक केलं, तर दोघींना अटक! वर पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड. पोस्टमध्ये शिवी नव्हती की धमकी नव्हती, पण आयटी कायद्याचं कलम 66अ होतं ना, समोरच्याला चीड आली, त्रास झाला एवढ्यावरही तीन वर्षांपर्यंत जेल. आता चीड कोणाला कशाने येईल हे कोण ठरवणार? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर पार्किंगवरून रोज येते.

मग श्रेया सिंघल, तेव्हा कायदा शिकत होती, ती कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच उडवलं. कोर्टाने फरक छान केलाय, चर्चा करा, एखाद्या मताची बाजू घ्या, अगदी लोकांना नावडती असली तरी चालेल, चिथावणी दिलीत तरच सरकारने मधे यायचं. पण सरकारला वेबसाईट, पोस्ट ब्लॉक करू देणारं त्याच कायद्याचं कलम 69अ त्याच निकालात टिकलं आणि त्यातले ऑर्डर गोपनीय असतात, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही, मला तेच जास्त खटकतं.

आणि कहर म्हणजे रद्द झालेल्या 66अ खाली पोलीस नंतरही गुन्हे नोंदवत होते, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टालाच धक्का बसला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांना निकाल कळवायचा कोणी?