बाबांचा साचा आणि तोरियामांचा गोकू

८ मार्च २०२४. त्या दिवशी महाशिवरात्र होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. सकाळी कारखान्यात मी, काका आणि एक कारागीर, तिघंच होतो. खिचडीचा डबा अजून उघडला नव्हता. धाकट्या भावाचा मेसेज आला, "ताई, तोरियामा गेले." मी हात न पुसताच फोन उचलला होता, त्यामुळे स्क्रीनवर शाडूचे बोट उमटले. 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रकथेचे निर्माते अकिरा तोरियामा १ मार्चलाच गेले होते, मेंदूतल्या रक्तस्रावानं, वयाच्या ६८ व्या वर्षी. आठवडाभर घरच्यांनी आणि जवळच्यांनी दुःख आपल्यापाशीच ठेवलं आणि मग जगाला सांगितलं. त्यांची बरीच कामं अर्धी राहिली आहेत, असंही त्या निवेदनात होतं. मला ते वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. बाबा मूर्तिकार होते. २०१६ साली ते गेले तेव्हा त्यांचीही कामं अर्धी होती. फळीवर चौदा मूर्ती आखणीच्या, म्हणजे डोळे रंगवले जाण्याच्या, वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. अजून डोळेच नव्हते त्यांना, पण मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

ड्रॅगन बॉलशी माझी ओळख कार्टून नेटवर्कवरची. शाळेतून आलं, दप्तर टाकलं की मी आणि भाऊ टीव्हीसमोर. बाबा कारखान्यातून चहाला घरात यायचे, दारातच उभे राहून हातावरची वाळलेली माती खरवडत बघायचे. गोष्टीत त्यांना रस नव्हता. एकदा त्यातला नायक गोकू पाठमोरा उभा होता, समोर नुसता उजेड, त्याच्या आकाराची काळी सावली. बाबा म्हणाले, "हे काढणारा माणूस मूर्तिकार आहे. बघ, पाठीमागनं, नुसत्या सावलीवरनं ओळखू येतो. आपला गणपती पण असाच ओळखू आला पाहिजे." मग चहा संपवून गेले. कितीतरी वर्षांनी मी वाचलं की तोरियामांना प्लास्टिकची मॉडेलं जोडायचं जबरदस्त वेड होतं आणि तामिया कंपनीच्या छोट्या पुतळ्यांच्या स्पर्धेत त्यांनी बक्षीसही मिळवलं होतं. तोवर बाबा नव्हते. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

तोरियामा गेल्यापासून सगळे एकच प्रश्न विचारतात, आता ड्रॅगन बॉलचं काय होणार? मला या प्रश्नाचं उत्तर नुसतं चाहती म्हणून देता येत नाही. नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या हातचं काम पुढे चालवते आहे.

आधी हे मान्य करू की चित्रं थांबणार नाहीत. १९८४ ते १९९५ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात मूळ मालिका चालली, ५१९ प्रकरणं, ४२ खंड, आणि ती सगळी तोरियामांच्या हातची. पण २०१५ पासून 'ड्रॅगन बॉल सुपर' या पुढच्या मालिकेची चित्रं तोयोतारो नावाचे दुसरे चित्रकार काढत होते. तोरियामा कथेचा आराखडा द्यायचे, तोयोतारो पानांची कच्ची मांडणी करून पाठवायचे, आणि तोरियामा त्यावर दुरुस्त्या करायचे. म्हणजे हात आधीच बदललेला होता आणि वाचकांनी तो स्वीकारलाही होता. मार्च २०२४ मध्ये मालिका थांबली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तोयोतारोंचं एक सुटं प्रकरण आलं. मी ते बारकाईनं पाहिलं. रेषा बरोबर, मनगटं बरोबर, केसांची टोकं बरोबर. आखणी करणाऱ्या माणसाच्या नजरेनं सांगते, हात उत्तम बसलेला आहे.

गेला तो दुरुस्ती करणारा.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बिनधास्त मोडणारा गेला. तोरियामा आपल्या निर्मितीला कधी देव्हाऱ्यात ठेवत नसत. सुपर सायन झाल्यावर, म्हणजे जास्त ताकदीचं रूप घेतल्यावर, गोकूचे केस सोनेरी का होतात? जगभरच्या पोरांनी त्यात काय काय अर्थ शोधले. खुद्द तोरियामांनी सांगितलेलं कारण असं की काळे केस शाईनं भरण्यात त्यांच्या सहाय्यकाचा फार वेळ जायचा, तो वाचावा म्हणून केस कोरे सोडले. लाँच नावाचं एक पात्र होतं, शिंक आली की स्वभाव पालटणारी मुलगी. ती पुढे कथेतून गायबच झाली, कारण ते तिला चक्क विसरून गेले. हेही त्यांनी लपवलं नाही. पिकोलो हे पात्र आधी सैतान होतं, मग एकदम परग्रहावरचं निघालं. दर आठवड्याला पानं द्यायची आणि पुढे काय होणार ते आपल्यालाही पूर्ण ठाऊक नाही, अशा अवस्थेत त्यांनी हे सगळं रचलं, आणि म्हणूनच ते इतकं जिवंत आहे.

आता त्यांच्या जागी बसणाऱ्या माणसाला हे करता येईल का? त्यानं एखादं पात्र विसरून दाखवावं, लोक सोडणार नाहीत. केसांचा रंग बदलायचा म्हटलं तर दहा बैठका होतील. मालकाला घराची भिंत पाडता येते. राखणदाराला फार तर रंग देता येतो, तोही आधीचाच.

तरी मी निराश नाही, कारण जपाननं हे अनेकदा केलेलं आहे. आपल्याकडच्या घराघरांत रोज संध्याकाळी याचा पुरावा दिसतो. माझा भाचा जेवताना डोरेमॉन बघतो आणि जेवण झाल्यावर शिनचॅन. डोरेमॉनचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ साली गेले. शिनचॅनचे योशितो उसुई २००९ साली डोंगरावरून पडून गेले, अवघ्या ५१ व्या वर्षी. पुढे त्यांच्याच स्टुडिओतल्या सहाय्यकांनी 'नवा शिनचॅन' काढला. आपली पोरं अशा माणसांच्या गोष्टींवर वाढली जी त्यांच्या जन्माआधीच गेलेली होती, आणि पोरांना याचा पत्ताही नाही. पण डोरेमॉन आणि शिनचॅनमध्ये नोबिता कधी मोठा होत नाही, शिनचॅन पाच वर्षांचाच राहतो. रोज तीच गंमत नव्यानं करायची असते. ते चालवणं तुलनेनं सोपं. ड्रॅगन बॉलमध्ये माणसं म्हातारी होतात, लग्नं करतात, मरतात. तिथे पुढे काय होतं हे कुणाला तरी ठरवावंच लागतं.

याची दुसरी वाट कोउजी मोरींनी दाखवली, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. 'बर्सर्क' या चित्रकथेचे केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये ५४ व्या वर्षी गेले. १९८९ पासून चाललेली कथा अर्ध्यात. मोरी हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, स्वतः मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथा काढणारे. मिउरांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी एकदा त्यांना शेवटापर्यंतची गोष्ट सांगितली होती. जून २०२२ मध्ये मालिका पुन्हा सुरू करताना मोरींनी जाहीर केलं की मिउरांनी मला जे सांगितलं तेवढंच मी लिहीन, नीट आठवत नाही ते लिहिणार नाही, पदरचं काही घालणार नाही. चित्रं मिउरांच्याच स्टुडिओतले त्यांचे शिष्य काढतात. हे वाचून मला रडू आलं होतं. मित्राच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून कथा थोडी उघडीवाघडी राहिली तरी चालेल, अशी ती निष्ठा आहे.

ड्रॅगन क्वेस्टची गोष्ट निराळी. १९८६ मध्ये तो गेम आला तेव्हा तिघांचे हात त्यात होते. युजी होरिई यांची कथा, कोइची सुगियामा यांचं संगीत आणि तोरियामांची चित्रं. सुगियामा २०२१ मध्ये ९० व्या वर्षी गेले. मग तोरियामा. होरिईंनी २०२४ मध्येच लिहिलं की बारावा भाग हे या दोघांचंही शेवटचं काम असेल, आणि त्याला शोभेल असा गेम करण्यासाठी ते झटत आहेत. तिघांतले दोघे गेल्यावर त्या खोलीत एकटं बसून काम करणं काय असतं, याची मला थोडी कल्पना आहे. आपण काहीतरी बोलतो आणि उत्तर येईल म्हणून क्षणभर थांबतो.

त्या गेममधला स्लाईम मला फार आवडतो. होरिईंनी कागदावर नुसता चिकट गोळ्यांचा ढीग काढून दिला होता. तोरियामांनी त्याचा टोकदार थेंब केला, दोन गोल डोळे आणि रुंद हसू. मागच्या पावसाळ्यात भाच्याला मी उरलेल्या शाडूचा स्लाईम करून दिला. गोळा वळायचा, तळ फळीवर हलकेच दाबायचा, वरून चिमटीत धरून टोक ओढायचं. इथपर्यंत अर्धं मिनिट. डोळे करायला मला दीड तास लागला. बुबुळ केसभर आत सरकलं तर तो तिरळा दिसतो, बाहेर गेलं तर वेडसर. अगदी मधोमध, पांढरं सगळीकडून सारखं सोडलं, की तो तुमच्याकडे बघायला लागतो आणि मनात काही वाईट नसलेलं कुणीतरी समोर आहे असं वाटतं. शत्रू म्हणून काढलेला प्राणी! मी आयुष्यात हजारो डोळे आखले आहेत. एवढ्या कमी रेषांत इतकं मी एकदाही आणू शकलेले नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात 'ड्रॅगन बॉल दाइमा' सुरू झालं, तोरियामांनी स्वतः रचलेली शेवटची कथा. भावाच्या घरी पहिला भाग आम्ही दोघांनी मिळून बघितला. गोकूचा आवाज मासाको नोझावा यांचाच, १९८६ पासून तोच. त्याच महिन्यात त्या ८८ वर्षांच्या झाल्या. हात गेला पण आवाज तिथेच आहे, पोरासारखा, खणखणीत. आम्ही दोघं काही बोललो नाही. भावजय चहा घेऊन आली तिनं फक्त विचारलं, "डोळ्यात काय गेलं दोघांच्या?"

आता बाबांच्या साच्याबद्दल लिहिते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं.

आमच्याकडे बाबांनी घडवलेला एक फुटाचा एक गणपती आहे. लोडाला टेकून बसलेला, उजवा हात वरदमुद्रेत. गिऱ्हाईक येतं ते "बाबांचा गणपती द्या" असंच म्हणतं. त्या मूर्तीचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित खाली आहे, मुगाच्या दाण्याएवढा. बाबांना ते ठाऊक होतं. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या साच्यात काढून टाकतो. दर चार-पाच वर्षांनी ते साचा स्वतःच्या हातानं फोडायचे आणि नवा घडवायचे. कधी सोंडेचं वळण बदललं, कधी पितांबराच्या चुण्या कमी केल्या. शेवटच्या वेळी कान दुरुस्त करायचा राहिला आणि ते गेले.

त्या दिवसापासून तो कान कुणी हलवलेला नाही. काका हात लावू देत नाहीत. मीही दिला नाही. बाबांच्या हातून चूक म्हणून राहिलेली गोष्ट आमच्या हातात परंपरा झाली.

गोकूबद्दल विचार करताना मला परत परत हेच आठवतं. कारण गोकू तरी कुठे तोरियामांनी शून्यातून काढला? सोन गोकू हे सुन वुकाँगचंच जपानी नाव, 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या चिनी कथेतला माकडराजा. ती यात्रा युआन श्वांगची, म्हणजे शाळेच्या इतिहासात भेटलेला तो प्रवासी, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. शतकानुशतकं हात बदलत आलेली ती गोष्ट. तोरियामांनी तिच्याशी काय केलं? भिक्षूच्या जागी निळ्या केसांची, यंत्रं जोडणारी मुलगी आणली. माकडराजाची काठी आणि ढग ठेवला, बाकीचं खुशाल सोडलं. कुणाला विचारलं नाही. त्यांनी तेव्हा राखण करायची ठरवली असती तर बाबांना दारात उभं राहून बघावंसं वाटेल असं काही जन्मालाच आलं नसतं.

म्हणून माझं तोयोतारोंकडे मागणं आहे, आणि त्यांच्यापर्यंत ते कधी पोचणार नाही हे माहीत असूनही लिहिते. तुमचा हात तयार आहे. जवळजवळ नऊ वर्षं त्या माणसानं तुमची पानं तपासली. दुरुस्त्या का केल्या हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आता एखादी गोष्ट मोडा. चुकली तर चाहते ओरडतील, मीही कदाचित ओरडेन, पण मोडा.

यंदा आमचा साचा पार झिजला. कडा बोथट झाल्या, बोटांमधल्या फटी भरून यायला लागल्या. नवा घ्यावाच लागणार. गेल्या मंगळवारी त्यातून शेवटची मूर्ती काढली, ती ओली असतानाच फळीवर घेतली आणि कोरणीनं सोंड, बोटं, पायाची नखं साफ केली. काका समोर बसले होते. मी डाव्या कानापाशी आले आणि कोरणी खाली ठेवली. काका उठून माझ्या मागे आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला वर घ्यायचा होता तो."

चार दिवस झाले. मूर्तीवर ओलं फडकं टाकून ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ पाणी मारते. माती अजून मऊ आहे.