फ्लायव्हील कोल्हापूरला जाऊन आलं

आमच्या देवगडकडच्या भागात क्लच घसरायला लागला की लपून राहत नाही, कारण गाडीला सपाट रस्ता असा मिळतच नाही. घर खाली खाडीच्या अंगाला, शाळा वर सड्यावर आणि मधे जांभ्यातून काढलेली घाटी. माझी वॅगनआर २०१२ ची, पेट्रोलवरची, मूळच्या क्लचवर लाखाच्या पुढे चाललेली. मे महिन्यात मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या वाहिलेली. यंदा गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांनी घाटी भरून गेली, दर वळणावर चढावर थांबायचं आणि पुन्हा उचलायचं, आणि त्या आठवड्यात क्लचने हात टेकले. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र आहे त्याच वेगात. वर पोचल्यावर बॉनेटमधून जळका वास.

पैशांची ओढाताण असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी एक फुकटचं काम करून घ्यावं. या गाडीचा क्लच केबलवर चालतो. क्लचची प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद पकडून गिअरबॉक्सला देणारी तबकडी, झिजत जाते तसा केबलमधला मोकळेपणा, ज्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात, तो कमी होत जातो. तो अगदी संपला की पायाने पेडल न दाबताही रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडलने सरकणारं बेअरिंग, प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर थोडं टेकून राहतं आणि चांगला क्लचसुद्धा घसरतो. आमच्या मेस्त्रींनी आधी नट फिरवून प्ले दिला. फरक पडला नाही. मग हँडब्रेक ओढून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडायला हवं. आमचं आरामात फिरत राहिलं. ही परीक्षा एकदाच घ्यावी, पुन्हापुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारलं तर क्लच सेट, नवीन फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लचची प्लेट दाबली जाते), केबल, ऑइल आणि मजुरी धरून साडेतेरा हजार सांगितले. त्यांच्या पद्धतीने तो आकडा बरोबर असेल, ते जुनं फ्लायव्हील घासून लावण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पण शिक्षकाच्या पगारात, घराच्या कौलांचं काम नुकतंच काढलेलं असताना, साडेतेरा हजार म्हणजे विचार करायची गोष्ट.

क्लचच्या कामात मजुरी ही उघडाउघडीची असते. प्लेट बदला, बेअरिंग बदला किंवा नुसतं सील बदला, गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो. म्हणून जी वस्तू गिअरबॉक्सच्या मागे दडलेली आहे तिथे काटकसर करणं मला पटत नाही. मेस्त्रींचंही मत तेच: “सीलां आताच बदला मास्तरांनू. मगे परत सगळा उतरवचा लागतला.” इंजिनच्या मागच्या बाजूचं क्रँकचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची, सीलं मिळून साडेतीनशे रुपयांची. त्यातलं क्रँकचं सील पुढच्या वर्षी गळलं तर ऑइल नव्या प्लेटवर येणार आणि सगळा खर्च पुन्हा.

बाजारात जुन्या प्लेटला नवीन लायनिंग रिव्हेट मारून देणारेही आहेत, हजाराच्या आतबाहेर काम होतं. घाटीच्या गाडीला ते करू नये. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा आणि आतले दाते, म्हणजे स्प्लाइन, जुनेच राहतात, आणि चढावर ताण त्यांच्यावरच येतो. मी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट नामांकित कंपनीचा, पक्क्या बिलाचा घेतला. त्यासाठी थोडा थांबलो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी सव्वाचार हजार सांगितलेला सेट ३,९०० ला मिळाला. तेवढे दिवस शाळेला एसटीने गेलो.

गाडी नवरात्रात गॅरेजला लावली. परतीचा पाऊस चालूच होता. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे खालचे बोल्ट असे धरतात की पान्यालाच वाकवतील. मेस्त्रींनी आदल्या संध्याकाळीच चाकं ज्यावर बसतात त्या नकलच्या आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवला, सकाळी बहुतेक सुटले. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, गिअरच्या केबली, मग गिअर ऑइल काढून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर. इंजिन वरून साखळीने टांगलं, खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला आणि गिअरबॉक्स दोघांनी मिळून खाली घेतला. हे घरी एकट्याने करायचं काम नाही. इंजिन एका बाजूला झुकतं आणि जड गिअरबॉक्स अंगावर येतो.

प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. ते अपेक्षितच होतं. खरा प्रश्न फ्लायव्हीलचा होता. तापून तापून त्याच्यावर निळे-काळे चट्टे उठले होते, चुलीवर विसरलेल्या घावण्यांच्या बिडाच्या तव्यावर दिसतात तसे, आणि रिव्हेटांनी गोल चर पाडली होती. पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्सला गाडी थरथरायची त्यामागे हे चट्टे असणार, असा मेस्त्रींचा अंदाज.

नवीन प्लेट अशा फ्लायव्हीलवर तशीच बसवणारे पुष्कळ आहेत. दोन-चार महिने बरं चालतं, मग थरथर परत येते. नवीन फ्लायव्हील घेणं हा दुसरा टोकाचा उपाय. मधला मार्ग फेस मारून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून, घेण्याचा, पण त्याआधी ते त्या लायक आहे का हे बघायला हवं. मेस्त्रींनी पेट्रोलने पुसून, उजेडात तिरपं धरून बघितलं. वरवरच्या केसासारख्या बारीक रेषा घासल्यावर जातात. खोल तडा असेल, विशेषतः मधल्या बोल्टांच्या भोकांकडून बाहेर धावणारा, तर पैशांचा विचार न करता भंगारात द्यायचं. मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर बिडाचं चाक फुटलं तर ते गिअरबॉक्सचं कव्हर फोडून बाहेर येतं. आमच्यात तडा नव्हता. स्टार्टर ज्यात अडकतो त्या रिंगचे दातेही शाबूत होते. “ह्या टाकू नकात, फेस मारून येव दे. अजून लाखभर किलोमीटर जातला,” असा निकाल मिळाला.

जवळच्या लेथवाल्याने लगेच काढून देतो म्हटलं होतं, पण मेस्त्री लेथला नाही म्हणाले. निळ्या चट्ट्यांच्या जागी बीड तापून-थंड होऊन कडक झालेलं असतं. लेथचं हत्यार त्या कडक जागेवरून उडतं आणि आजूबाजूचं मऊ बीड जास्त कापतं, म्हणजे वरून चकचकीत पण चट्ट्याच्या जागी उंचवटा तसाच. तिथे दगडाने घासणारं सरफेस ग्राइंडिंगच हवं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा मशीनशॉपची रांगच आहे, इंजिन आणि ओतकाम यांवर वाढलेला तो भाग. माझा मेव्हणा कोल्हापुरातच असतो. पोत्यात गुंडाळून फ्लायव्हील फोंडा घाटातून जाणाऱ्या गाडीने त्याच्याकडे रवाना केलं. पाठवण्याआधी क्रँकवर ते कसं बसलं होतं याची पंचने खूण केली, आणि प्रेशर प्लेटला नेमक्या जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिना काढून डबीत ठेवल्या, त्या असताना घासता येत नाही.

आता गंमत अशी की मधे खंडेनवमी आणि दसरा. उद्यमनगरातली मशीनं हळदकुंकू, झेंडूची माळ लावून पूजेला बसलेली, दगड फिरणार कसा? मेव्हण्याने फोनवर सांगितलं, “दाजी, आज मशीनला हात लावत न्हाईत ओ कोण.” गाडी इकडे गॅरेजात स्टँडवर उचललेली, मी आपली एसटी. पण सणाच्या दिवशी कारागिराची घाई करून घेण्यात अर्थ नसतो.

मशीनवाल्याला मी दोनच गोष्टी सांगायला लावल्या होत्या. चट्टे आणि चर जाईल इतकंच काढा, जास्त नको, कारण फ्लायव्हील पातळ झालं की क्लचच्या मांडणीतलं अंतर बदलतं आणि उष्णता शोषायला वस्तुमानही कमी उरतं. आणि प्रेशर प्लेट बसते ती कडा वेगळ्या पातळीवर असेल तर तिथूनही तेवढंच घ्या. सहाशे रुपये झाले. घासलेलं बीड आमच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून त्याने तेलाचा हात फिरवून कागदात बांधून दिलं. ते तेल बसवण्याआधी पूर्ण पुसून काढलं. नव्या प्लेटला तेलाचं बोटही लागलेलं चालत नाही.

बसवणं त्यामानाने पटकन झालं. फ्लायव्हीलचे बोल्ट लॉकिंग लिक्विड लावून टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळायचे, अंदाजाने नाही. हा पाना आमच्या मेस्त्रींकडे होता, नसेल त्या गॅरेजला हे काम देऊ नये असं मला वाटतं. प्लेट मधोमध धरायला त्यांनी एका जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट ठेवलेला आहे, तोच घुसवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळले. स्प्लाइनला ग्रीस अगदी बोटभर. केबल ४५० ची नवीन टाकली, जुनीचे तार सुटत होते. गिअर ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं, नऊशेचं. मजुरी अडीच हजार, पार्सलचे आणि रिक्षाचे दोनशे. सगळं मिळून ८,९००.

हे गणित साध्या, एकसंध बिडाच्या फ्लायव्हीलचं आहे. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंगा असलेलं. ते झिजलं किंवा ढिलं झालं की फेस मारून भागत नाही, आणि किंमतही अनेक पटींनी जास्त. तेव्हा आपल्या गाडीत कुठलं आहे हे खोलण्याआधीच विचारून घ्यावं.

सुरुवातीचे काही शे किलोमीटर प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना जुळेपर्यंत जपून चालवलं. ओझं नाही, चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणं नाही, थांबलो की हँडब्रेक. पहिल्या दिवसांत थोडा वास आला, तो गेला. नंतर केबलचा प्ले पुन्हा एकदा तपासून थोडा सैल केला.

घाटी आता पहिल्यासारखी दुसऱ्या गिअरमध्ये चढते. रिव्हर्स घेताना मात्र किंचित थरथर अजून आहे. मेस्त्रींच्या मते तो इंजिनच्या मागच्या माउंटिंगचा रबर फाटल्याचा दोष, क्लचचा नाही. माउंटिंग बाराशेच्या आसपास जाईल. दिवाळीच्या सुट्टीत ते बघायचं आहे.