आयोवाचा टॅग लागला एकदाचा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात धनुष्यबाणाने हरीण मारायचा परवाना, म्हणजे टॅग, लॉटरीने मिळतो, आणि त्यासाठी मी पाच वर्षं पॉइंट विकत घेत होतो. रात्री अकरा वाजता फोनवर रिझल्ट बघितला, माझं नाव आलेलं, आणि मी बायकोला गदागदा हलवून उठवलं तर ती म्हणाली काय, आग लागलीय का कुठे? म्हटलं नाही गं, आयोवा लागलं. ती कूस बदलून झोपली. मी मात्र पहाटे तीनपर्यंत माझ्या शिकारीच्या भागाचा, झोन पाचचा, नकाशा बघत बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मिशिगनला राहतो, इथे १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन सुरू होतो तेव्हा सरकारी जंगलात दर झाडामागे शिकाऱ्याची एक भगवी टोपी दिसते आणि दिसणारा बक, म्हणजे नर, बहुतेक वेळा दीड वर्षाचं पोर असतं. मोठा, वयात आलेला व्हाइटटेल (इकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण) बघायचा तर लोक आयोवाचं नाव घेतात. कारण एक तर मक्याची, सोयाबीनची शेतं आणि मधूनमधून ओढ्यांकाठी झाडी, म्हणजे खायला-लपायला भरपूर. दुसरं म्हणजे तिथे नोव्हेंबरात, नर माजावर आलेले असतात तेव्हा, मोठा बंदूक सीझन नसतो, तो डिसेंबरात असतो, त्यामुळे बरेच नर म्हातारे होईपर्यंत जगतात. आणि तिसरं, बाहेरच्या राज्यातल्या लोकांना नर मारता येईल असे टॅग वर्षाला फक्त ६,००० देतात, त्यातले धनुष्यबाणासाठी जास्तीत जास्त ३५ टक्के. अर्ज मे महिन्यात भरायचा, नंबर नाही लागला की पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी परत रांगेत. पॉइंटला वर्षाला ६० डॉलरच्या आसपास जातात, आणि लागला की टॅगचे सगळे मिळून ६०० च्या वर. म्हणजे हरीण बघायच्या आधीच खिसा हलका.

गंमत म्हणजे याच आयोवात १८९८ साली हरणाची शिकार कायद्याने बंद करावी लागली होती, इतकी हरणं संपली होती. १९३६ च्या अंदाजात अख्ख्या राज्यात पाचशे ते सातशेच होती. परत सीझन उघडला तो थेट १९५३ ला. आज रात्री तिथल्या हायवेवर गाडी चालवताना जीव मुठीत धरावा लागतो, एवढी झालीयत.

तर आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन जमीन, मचाण, गाइड अशी शिकारीची सोय करून देणारे. तिथली जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे, ओळख नसेल तर गाइड घेण्याशिवाय गत्यंतर नाही (आहे म्हणा, थोडी सरकारी जमीन आहे, पण पाच वर्षांनी लागलेला टॅग घेऊन मला तिथे चाचपडायचं नव्हतं). मला पाच दिवसांचे भाव आले ते साडेचार हजारापासून सात हजार डॉलरपर्यंत. टिप वेगळी. अर्धे पैसे आधी भरायचे आणि ते परत नाहीत, म्हणून ड्रॉच्या आधीच विचारून ठेवलेलं की टॅग नाही लागला तर डिपॉझिटचं काय, ते पुढच्या वर्षी ढकलतात की गिळतात. एका ठिकाणी तर शिंगांच्या इंचाप्रमाणे रेटकार्डच पाठवलं, इतक्या इंचाचा इतक्याला. वाचल्यावर कळलं की उंच कुंपणाच्या आतली हरणं आहेत. तसली हरणं बून अँड क्रॉकेट क्लबच्या (मोठ्या शिंगांची नोंद ठेवणारी शिकाऱ्यांची संस्था) रेकॉर्डात घेतच नाहीत, आणि मला विचाराल तर ती शिकार नाही, खरेदी आहे.

रेफरन्स सगळेच देतात, आणि ज्याने भिंतीवर मुंडकं लावलंय तो चांगलंच बोलणार ना! मी म्हटलं मला गेल्या वर्षी रिकाम्या हाताने गेलेल्या दोघांचे नंबर द्या. दोन आउटफिटरांनी परत फोनच केला नाही. तिसऱ्याने दिले, आणि त्यातला एकजण म्हणाला की बक नाही मिळाला तरी मी परत जाणार, कारण वारा फिरला तर सकाळी साडेचारला गाइड स्वतः सांगायचा की आज त्या मचाणावर जायचं नाही, दुसरीकडे बसू. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. हरणाला तुम्ही दिसलात तर ते एकदा थबकून परत बघेल, पण वास लागला की गेलंच समजा. एका ग्राहकाला एकच मचाण देऊन पाच दिवस तिथेच कुजवणारे लोक आहेत, म्हणून माणशी किती मचाणं आणि कुठल्या वाऱ्याला कुठलं, हे विचारा. आणि जखमी झालेल्या हरणाचा नियम विचारा. बहुतेक ठिकाणी रक्त दिसलं की टॅग वापरला असं धरतात, मग ते सापडो न सापडो. हे बरोबरच आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

आता मुद्द्याचं. या माझ्या आउटफिटरचा नियम आहे की १४० इंचाच्या (शिंगांच्या सगळ्या मापांची बेरीज) खालचा बक मारला तर दंड. ऐकायला सोपं वाटतं. मी मित्राच्या बेसमेंटमध्ये गेलो, त्याच्या भिंतीवरच्या बकला तो कायम दीडशे म्हणतो. पाव इंची स्टीलची टेप घेऊन दोघं बसलो. आतली रुंदी साडेसतरा, मुख्य दांडे एक बावीस, एक साडेएकवीस, मग एकेक टोक, मग बुंध्यापासून वर चार ठिकाणी घेर, तोही इंचाच्या आठव्या भागापर्यंत. बेरीज आली १४३. मित्र गप्प. परत मोजलं. १४३. आणि हे भिंतीवर, ट्यूबलाइटखाली, चहा पीत मोजलेलं, तर संध्याकाळच्या अंधुक उजेडात झुडपातून चालणाऱ्या जनावराचं मी काय कप्पाळ मोजणार? त्यात छाती अशी धडधडत असते की सगळ्यांचीच शिंगं मोठी दिसतात, आणि खाली उतरून जवळ गेलं की आकसतात. धनुष्यबाणवाल्या पोप अँड यंग क्लबची अट १२५ आहे, बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या यादीत जायला १७० लागतात. हे आकडे मला पाठ आहेत आणि मचाणावर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून मी इंच सोडले आणि वय धरलं. साडेचार वर्षांच्या खालचा मारायचा नाही. शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात (आपल्या सांबरासारखी, काळवीटासारखी आयुष्यभराची नाहीत), आणि पूर्ण भरायला नराला साधारण पाचेक वर्षं लागतात, पण शरीर खोटं बोलत नाही. अडीच वर्षाचा म्हणजे कॉलेजातला पोरगा, लांब पाय, बारीक कंबर, उगाच इकडेतिकडे पळणारा. साडेपाच वर्षाचा म्हणजे तालमीतला वस्ताद, मान थेट छातीत उतरलेली, पोट लोंबतं, त्यामुळे पाय आखूड वाटतात, आणि चाल अशी की जंगल त्याच्या बापाचं. रोज रात्री जेवल्यावर ट्रेल कॅमेऱ्याचे (जंगलात झाडाला लावलेला, आपोआप फोटो काढणारा) फोटो लावतो, शिंगांवर अंगठा ठेवून झाकतो आणि वय सांगायचा प्रयत्न करतो. मुलगा माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येतो.

हे गाइडला फोनवर सांगितलं तर तो हसला, म्हणाला मग तुम्ही एकशे पन्नासचा साडेतीन वर्षाचा सोडणार? मी दोन सेकंद थांबलो. हो म्हटलं. खरं सांगू का, त्या दोन सेकंदांची मला अजून भीती वाटते.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, एवढे पैसे घालून हरणाच्या मागे? रामाचं काय झालं माहितीय ना कांचनमृगापायी?" काय बोलणार यावर. मग विचारलं खाणार कोण ते. म्हटलं आम्हीच, फ्रीझर भरून, आणि जास्त झालं तर आयोवात हश नावाची योजना आहे, ठरलेल्या लॉकरवर, म्हणजे खाटकाकडे, हरीण दिलं की मांस फूड बँकेला जातं. ती म्हणाली मग ठीक आहे, पण शिंगं देवघराच्या भिंतीवर लावू नकोस.

घरी आणायचाही एक व्याप आहे. सीडब्ल्यूडी म्हणून हरणांचा मेंदूचा रोग आहे, त्यावर औषध नाही, त्यामुळे बाहेरच्या राज्यातून अख्खं हरीण किंवा मुंडकं मिशिगनमध्ये आणता येत नाही. हाड काढलेलं मांस, कातडं आणि मेंदू साफ केलेला कवटीचा तुकडा शिंगांसकट चालतो. म्हणजे टॅक्सिडर्मिस्ट (मुंडकं भिंतीवर लावण्याजोगं करून देणारा) तिथलाच ठरवावा लागणार. तपासणीसाठी नमुना देणार आणि रिपोर्ट येईपर्यंत मांसाला हात लावणार नाही.

तारीख घेतलीय ७ ते ११ नोव्हेंबर. माद्या माजावर यायला लागतात, नर दिवसाढवळ्या फिरतात. अजून चार दिवस पुढची मिळत होती, पण तेव्हा मोठे नर एकेका मादीला घेऊन झुडपात बसून राहतात म्हणे, आणि तुम्ही वर मचाणावर खारी मोजत बसता.

सध्या रोज संध्याकाळी डेकच्या कठड्याला हार्नेस (मचाणावरून पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) अडकवून, खुर्चीवर बसून, खालच्या टार्गेटवर बाण मारतोय, तेही जाड जॅकेट घालून, जुलैच्या उकाड्यात. शेजारी बघतात. वरून मारताना हात खाली न्यायचा नाही, कमरेतून वाकायचं, नाहीतर बाण वरून जातो, हे कळायला मला दोन आठवडे आणि कुंपणाची एक फळी लागली. वीस यार्डाला सगळे बाण एका बशीत बसतात. तीसला कधी बसतात, कधी नाही, म्हणून पंचवीसच्या पुढे सोडायचा नाही असं वहीत लिहिलंय, आणि बायकोची साक्षीदार म्हणून सही घेतलीय. काल तिने विचारलं की काहीच नाही मिळालं तर? मी म्हटलं तर साडेपाच हजार डॉलरचं बसणं. ती म्हणाली ठीक आहे, पण मग पुढच्या वर्षी मी ठरवणार कुठे जायचं ते.