सकाळचा भूप

सांगली, गुरुवार

आज सकाळी सव्वासातच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या रेडिओवर कुठल्याशा तंतुवाद्याचे वादन लागले होते. आकाशवाणीवर राग आणि कलाकार यांची नावे आधी सांगतात व शेवटी पुन्हा सांगतात. पण पहिली घोषणा मी दूध घ्यायला खाली गेले असताना होऊन गेली आणि दुसरी नेमकी कुकरच्या शिट्टीत बुडाली.

वाजत असतानाच फोन रेडिओपाशी धरून पाहिला होता. गाणे ओळखणारे ॲप आवाजातल्या ठळक कंपनांचा ठसा घेऊन तो आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणांच्या ठशांशी ताडून पाहते, त्यामुळे नेमके तेच मुद्रण त्याच्या साठ्यात नसेल तर राग कितीही ओळखीचा असला तरी त्याला काही सांगता येत नाही. दुपारी स्वतः गुणगुणून शोधले, तेव्हा फोनने एक भजन पुढे केले. माझ्या गळ्याचा दोष असेल.

शेवटी पेटी काढली. आठवणीतली सुरावट चाचपडत वाजवली, तेव्हा सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर निघाले. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे भूप! गाणे शिकायला लागलेल्या मुलांनाही येणारा राग आपल्याला दिवसभर ओळखता येऊ नये, याची लाज वाटली. वहीत ‘भूप, सतार’ असे लिहिले आणि खाली रेघ ओढली.

शुक्रवार

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतून उमटणारा गुंजारव, बिघडली होती, म्हणून मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण दुकानातली बसायची जागा अजून तशीच अडचणीची आहे. दुकानातले काका घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोन-चार हात मारायचे, तार छेडायची, तिच्याखाली सुताचा धागा केसभर सरकवायचा आणि कान देऊन ऐकायचे, असे त्यांचे चालले होते. त्या मधल्या शांततेत मी माझा भूप त्यांना गुणगुणून दाखवला.

“किती वाजता लागला होता?” त्यांनी मान वर न करताच विचारले.

“सकाळी सव्वासातला.”

“मग भूप कसला, ताई? देशकार असेल. धैवतावर जाऊन थांबत होता ना?”

थांबत होता! भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. पण भूपाचा जीव गंधारात आणि त्याची वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची, तर देशकार सकाळचा, धैवताभोवती आणि वरच्या षड्जाकडे रमणारा, रिषभाला जेमतेम स्पर्श करणारा. मी पेटीवर स्वर तेवढे मोजले आणि वादक कुठे रेंगाळला ते विसरले. घड्याळाकडे तर लक्षच दिले नव्हते.

सतारीचेही तसेच झाले. सूर मधे कुठेही न तुटता लांबवर घसरत जात होता आणि आघात जरा कोरडे, जाड वाटत होते, असे सांगितल्यावर काका हसले. ती सतार नव्हेच, सरोद असणार. सरोदला सतारीसारखे सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात. पोलादी पट्टीवर बोटांची नखे सरकतात आणि उजव्या हातात तारा छेडायला करवंटीची जवा असते. रेडिओवर चांगल्या कानाचे लोकही फसतात, असे ते म्हणाले. बहुधा माझ्या समाधानासाठी म्हणाले असावेत.

घरी येऊन वहीतले दोन्ही शब्द खोडले. ‘देशकार, सरोद, गुरुवार, सकाळी सव्वासात’ असे लिहिले आणि वादकाच्या नावासाठी एक ओळ कोरी सोडली. उद्यापासून कुकर साडेसातनंतर लावायचा आहे.