कोल्हापूरची हवा, माझा दमा आणि एका वर्षाची वही

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या पेठेत शिरले, तेव्हा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे पडली होती आणि आमच्या तळमजल्यावर कंबरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढला, भिंती धुतल्या, गाद्या टाकून दिल्या. पण भिंतींनी शोषून घेतलेली ओल पुढे कित्येक महिने बाहेर येत राहिली. गणपतीच्या सुमारास मला कोरडा खोकला सुरू झाला. मी तेव्हा ४४ वर्षांची होते, बँकेत नोकरीला होते, आणि दमा व्हायचा असेल तर तो लहानपणीच होतो, अशी माझी ठाम समजूत होती.

दिवस करोनाचे असल्यामुळे मी दोनदा तपासणी करून घेतली आणि दोन्ही वेळा अहवाल निगेटिव्ह आला. जवळच्या एका डॉक्टरांनी ‘हवाबदलाचा खोकला’ म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला, तो संपल्यावर दुसरा आणि मग तिसरा. दिवसा मी बरी असे. पहाटे तीन-चारच्या सुमारास मात्र छातीतून पेटीचा भाता फाटल्यासारखा बारीक आवाज येऊ लागे आणि उठून बसल्याशिवाय श्वास पुरत नसे. सासूबाई आल्याचा काढा करून देत आणि म्हणत, “कफ धरलाय छातीत, घाम आला की सुटंल बघ.” कफ सुटला नाही. दिवाळीनंतर बँकेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी भिंतीला धरून उभी राहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने मला जवळजवळ ओढतच छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे नेले.

निदान ज्या तपासणीतून झाले, तिला ते स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात सगळी हवा फुंकून टाकायची. तपासणी करणारी मुलगी कडेला उभी राहून “फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका” असे इतक्या जोरात ओरडत होती, की बाहेर बसलेल्या माणसांना आत भांडण चालले आहे असे वाटले असावे. पहिल्या सेकंदात मी १.६२ लिटर हवा बाहेर टाकली. श्वासनलिका सैल करणारे औषध ओढून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकले, तेव्हा आकडा १.९८ झाला. मोठ्या माणसांत ही वाढ १२ टक्क्यांहून आणि २०० मिलिलिटरहून अधिक असेल तर दम्याकडे बोट दाखवते. माझी वाढ २२ टक्के होती. श्वासनलिका आकसलेल्या होत्या आणि औषधाने त्या उघडत होत्या, म्हणजे रोजच्या औषधाने त्या उघड्या ठेवता येतील, असे डॉक्टरांनी समजावले. चार महिने ज्याला आम्ही कफ म्हणत होतो त्याला नाव मिळाले, याचे मला दुःख होण्याऐवजी हायसे वाटले.

रोज ओढायच्या औषधाचा पंप, म्हणजे इन्हेलर, सुरू झाला. “पंप लागला की सुटत नाही” हे वाक्य त्या आठवड्यात मी किमान सहा जणांकडून ऐकले. पंपात सूज कमी करणारे स्टेरॉइड असते. ते थेट श्वासनलिकांत जात असल्यामुळे त्याची मात्रा गोळीच्या मानाने अगदी थोडी असते आणि ओढल्यावर चूळ भरली म्हणजे तोंडही सहसा येत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत बसले नाही. मी डॉक्टरांना विचारले ते एवढेच, की हे कोल्हापूरच्या हवेमुळे झाले का. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मला पीक फ्लो मीटर नावाची, फुंकेचा वेग मोजणारी प्लॅस्टिकची नळी विकत घ्यायला लावली आणि सांगितले, “वर्षभर सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहा आणि शेजारी त्या दिवसाची हवा लिहा. मग हवा म्हणजे नेमके काय, ते तुम्हीच मला सांगाल.”

जानेवारी २०२२ पासून मी शंभर पानी वहीत नोंदी करू लागले. बऱ्या दिवसांतला माझा सर्वोत्तम आकडा मिनिटाला ३८० लिटर निघाला. ३०० च्या खाली गेल्यास सावध व्हायचे आणि १९० च्या खाली गेल्यास वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, अशा दोन रेघा डॉक्टरांनी पहिल्याच पानावर मारून दिल्या. फेब्रुवारीत त्यांनी त्वचेची चाचणीही केली. तिच्यासाठी सर्दी-खाजेच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागल्या. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे घालून प्रत्येकाशेजारी एकेक थेंब ठेवला, त्यातून सुईने हलकेच टोचले आणि वीस मिनिटे हात न खाजवता बसायला सांगितले, जे बाळंतपणापेक्षा थोडेच सोपे होते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या जागी ७ मिलिमीटरची गांधी उठली, गाजर गवताच्या जागी ५ ची आणि एका बुरशीच्या जागी ४ ची. गांधी उठली म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखून आहे एवढेच सिद्ध होते, त्रास त्यानेच होतो की नाही हे वही सांगेल, असे डॉक्टरांनी बजावले.

उन्हाळा उत्तम गेला. मार्च ते मे आकडा ३६० च्या खाली क्वचितच आला, आणि इथेच मी मूर्खपणा केला. एप्रिलच्या अखेरीस मी कोणालाही न विचारता पंप बंद केला. मे महिन्यात एका संध्याकाळी विजांसह जोराचा वळीव आला आणि त्या रात्री आकडा २९० वर उतरला. वादळी पावसात परागकण ओलाव्याने फुटतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे खोल श्वासनलिकांत पोहोचतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळानंतर हजारो माणसे याच कारणाने रुग्णालयांत गेली होती. मला या माहितीने भलताच उत्साह आला, पण डॉक्टरांनी नंतर वही पाहून एका रात्रीच्या नोंदीवरून असा निष्कर्ष काढायला नकार दिला, आणि पंप बंद होता हे साधे कारण माझ्या नजरेस आणून दिले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि आकडे ३४०, ३१०, २८० असे पायरीपायरीने उतरू लागले. एका रात्री २१० झाला. भर पावसात दवाखाना गाठून औषधाची वाफ घ्यावी लागली. त्यानंतर मी घरात आर्द्रतामापक आणला. जुलैत आमच्या झोपायच्या खोलीत तो ८५ च्या खाली येत नव्हता. धुळीतले किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून जगतात. हवा कोरडी झाली की ते मरतात आणि ७०-८० टक्के आर्द्रतेत भरभर वाढतात. उन्हाळ्यात मी बरी का होते, याचा उलगडा त्या छोट्या तबकडीवर झाला. खोलीतच दोऱ्या बांधून कपडे वाळत घालण्याची आमची पावसाळी सवय या किड्यांना पाणी पाजण्यासारखीच होती. कपाट भिंतीला टेकलेले होते. ते हातभर पुढे ओढले, तेव्हा मागच्या भिंतीवर काळ्या-हिरव्या बुरशीचा कंबरेइतक्या उंचीचा पट्टा निघाला, पूर जिथवर आला होता बरोबर तिथवर. रंगाऱ्याला तो नुसता रंगवून टाकायचा होता. आम्ही गिलावा खरवडला, भिंत वाळेपर्यंत थांबलो आणि मी तोवर वरच्या खोलीत झोपले. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायला सुरुवात केली, कारण साध्या पाण्याने हे किडे मरत नाहीत. ऑगस्टच्या शेवटी आकडा पुन्हा ३४० वर आला.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबूनही शिंका आणि डोळ्यांची खाज वाढली, तेव्हा मी बुचकळ्यात पडले. उत्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. मोकळे प्लॉट, शेताचे बांध, उपनगरांतील रस्ते, सगळीकडे गाजर गवत, ज्याला आमच्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, पांढऱ्या फुलांनी भरून गेले होते. याच कुळातील अमेरिकेच्या रॅगवीडवर झालेल्या प्रयोगांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवला की झाड अधिक परागकण सोडते, असे आढळले आहे. आमच्या गवताचे काय होणार, या विचाराने मला थोडी धडकीच भरली. त्या महिन्यात दुचाकीवर मास्क लावणे आणि घरी आल्याबरोबर तोंड धुऊन कपडे बदलणे, एवढे मी केले.

थंडीची गोष्ट वेगळी. माझे माहेर करवीर तालुक्यात, घराला लागून गुऱ्हाळ. डिसेंबरात गेले असता पहाटे काहिलीजवळ गरम काकवी खायला जाऊन बसले, हे लहानपणापासूनचे सुख. चुलवाणात चिपाडे ढकलली जात होती, धूर वर जाण्याऐवजी चादरीसारखा छपराच्या उंचीवर पसरून राहिला होता. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे ती वर चढत नाही. गुऱ्हाळाचा धूर आणि शेतात जाळलेल्या पाचटाचा धूर तिच्यात अडकून राहतो. भरीस भर म्हणजे गार, कोरडी हवा स्वतःच श्वासनलिका आकसवते. दहा मिनिटांत मला धाप लागली, आणि भाऊ काहील सोडून माझ्यामागे धावला. आता काकवी डब्यात भरून घरात येते आणि मी ऊन चढल्यावर बाहेर पडते.

धूपाचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक होता. सासूबाईंचे सायंकाळचे धुपारते बंद करा म्हणणे माझ्या जिभेवर येत नव्हते. शेवटी मी काहीच न बोलता त्यांना वही दाखवली, ज्यात धूप झालेल्या संध्याकाळचे आकडे त्यांना न सांगता मी तांबड्या शाईने लिहिले होते. त्यांनी पाने चाळली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मग तुपाचं निरांजन चालंल काय?”

दुसऱ्या वर्षीपासून डॉक्टर मला मे महिन्याच्या मध्यावर बोलावतात, वही पाहतात आणि पावसाळ्यापुरती पंपाची मात्रा वाढवून देतात. ऊन पडून भिंती वाळल्या की ती कमी करायची की नाही, हेही तेच ठरवतात. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सासूबाई मृग निघण्याच्या तारखेला गोल करून ठेवतात. त्याच्या तीन आठवडे आधीच्या चौकोनात आता माझ्या अक्षरात एकच शब्द असतो : फुंक.